टिचकी

या, जरा जवळ सरकून बसा. पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, देव रागावत नाही. समुद्राच्या तळाची गोष्ट ऐकवायची आहे, आणि तिथे कधीही न उतरता तळावरचं जिवंत कोण, मेलेलं कोण हे सांगणाऱ्या एका दमलेल्या बाईची.

मासेमारी खात्याच्या कचेरीत तिला सगळे चौकटवाली म्हणत. कामच तसं होतं. कॅमेरा बसवलेली लोखंडी घसरगाडी बोटीमागून तळावर ओढत नेत, ती वाळूचे फोटो काढी, आणि ही बाई पडद्यावर जिवंत शिंपल्याभोवती माउसने चौकट ओढी. मेलेला सोडून द्यायचा. तिच्या चौकटी बघून बघून कॉम्प्युटर शिकला होता आणि आता समुद्रातली शिंपल्यांची अख्खी पट्टी तोच मोजत होता. तिने मधूनमधून त्याचे फोटो तपासायचे, गुरूने चेल्याची वही तपासावी तसे. पण चेला दमत नव्हता आणि गुरूचे डोळे दुपारीच चुरचुरायला लागत. मान तर अशी धरलेली, की कोणी हाक मारली तर ती खुर्चीसकट वळे.

यंदाच्या मोजणीवर एकच गोष्ट ठरायची होती. शिंपले पुरेसे भरले तर पट्टी उघडी राहणार. कमी भरले तर बंद. पुन्हा वाढ होईपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. आणि त्या पट्टीवर जाणाऱ्या होड्यांत एक तिच्या दादाची होती. आईवडिलांमागे त्यानेच तिला शिकवलं, लग्न करून दिलं, आणि तिचा नवरा गेला तेव्हा “चल घरी” एवढंच बोलून तिची पेटी उचलली. त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत ती राहत होती.

कॉम्प्युटर म्हणत होता, पट्टी गच्च भरलीय. दादाच्या घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

मग एका दुपारी तपासताना तिला एक शिंपला दिसला. अर्धा उघडा, तोंडात वाळू, आणि भोवती चेल्याची ठसठशीत चौकट. आता, या जातीच्या शिंपल्याला डोळे असतात बरं का. ओठाच्या कडेने ओळीने, खसखशीएवढे, उजेड पडला की लुकलुकणारे. याच्या ओठाला एकही डोळा नव्हता. पुढच्या फोटोत तसाच दुसरा. त्याच्या पुढच्यात आणखी. चेला चुकतोय म्हणावं, तर हा शिकला कुठे? तिने आपल्या जुन्या चौकटी काढून पाहिल्या, तर तिथेही तसेच वाळू भरलेले शिंपले, आणि भोवती तिच्याच हातच्या चौकटी. चेल्याने गुरूचं गाणं उचललं होतंच, खोकलाही उचलला होता.

ही खोड तिच्या वडिलांकडून आलेली. ते शिंपले निवडायला बसले की अर्धवट उघडलेला कधी फेकून देत नसत. नखाने टिचकी मारायचे आणि थांबायचे. आत कुणी असेल तर दार मिटायचं. “हात लावल्याशिवाय कुणाला मेलं म्हणू नये,” हे ते जपासारखं घोकायचे. पण फोटोला टिचकी कशी मारणार? म्हणून जिथे शंका तिथे ही माउली दया करून चौकट ओढत गेली. यंत्राने दया तेवढी घेतली. टिचकी त्याला कुणी दाखवलीच नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा पायरीवर जाळं शिवत बसला होता. ती चपला न काढता त्याच्या शेजारी टेकली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही, जाळ्यातल्या एका गाठीकडे बघत राहिली. मोजणी सुधारली तर पट्टी बंद होणार, हेही तिनेच सांगितलं.

दादाने सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“मी रोज टिचकी मारतोय,” तो म्हणाला. “जाळं वर आलं की एकेकाला. दार लावायला आत कुणी नसतंच गं.”

“मग बोलला का नाहीस?”

“मशीन म्हणतं भरपूर आहेत. म्हटलं, आपलेच हात थकले असतील. चुकीच्या जागी टाकत असू.”

दोघांना एकच थकवा आला होता आणि तो दोघांनी एकमेकांपासून लपवला होता. आतून वहिनीने विचारलं, आज जेवायचंय की पायरीच खायचीय? तेव्हा दादा गुडघ्यावर हात टेकून उठला.

“नीट कर ते,” तो म्हणाला. “उरलेत तेवढे तरी राहतील.”

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठ बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या की ‘शंका’ अशी तिसरी खूण मीच ठेवायला हवी होती, तुम्हाला जिवंत आणि मेलं एवढंच दिलं. मग दोघी जुने फोटो घेऊन बसल्या. डोळे दिसतील तो जिवंत, वाळू भरलेला मेला, कळत नाही त्याला कळत नाही म्हणायचं. तिने आपल्याच चौकटी पुसल्या. प्रत्येक पुसताना बोट नकळत पडद्यावर एकदा वाजायचं. कुणी दार लावलं नाही.

पट्टी बंद झाली. दादाने होडी किनाऱ्यावर पालथी घातली आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला जाऊ लागला. वहिनी एकदाच म्हणाली, “घरात राहून घराचंच दार लावलंस की गं.” म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी एक चमचा भात वाढला.

असो. गोष्ट एवढीच. तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल, जाताना दाराची कडी वाजवाल आणि आतून कुणी उघडेल. तेव्हा बाबांनो, त्या दादाची आठवण ठेवा. रिकाम्या शिंपल्यांना रोज टिचकी मारून तो थांबायचा. त्याच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोला.