तुफानकेतूचा सदतिसावा अंक

आमच्या घरात दोन विद्वान आहेत. थोरला लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट धोकादायक वाटते. धाकटा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि ब्रेक आपल्या पायाखाली ठेवायचा, ही त्याची घरातलीसुद्धा पद्धत. मी मधली. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटते आणि उरलेल्या वेळात या दोघांचा पॉडकास्ट एडिट करते.

बाबा गेल्यावर दादाने कुणालाही न विचारता त्यांची स्कूटर भंगारात दिली. धाकटा गाडी चालवायला शिकला तो त्याच स्कूटरवर. झालं, तेव्हापासून एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. घर रिकामं करताना भांडीकुंडी, कपाटं सगळ्याची वाटणी झाली, त्यात लहानपणी वाचलेल्या तुफानकेतू कॉमिकचे अंकही आले. शहाण्या माणसांनी अर्धे अर्धे गठ्ठे उचलले असते. यांनी पत्ते वाटावेत तसे अंक वाटले, एक तुला, एक मला. विषम अंक दादाकडे, सम धाकट्याकडे. आता तुफानकेतूची प्रत्येक गोष्ट पुढच्या अंकात संपते. म्हणजे दोघांकडेही धड एक गोष्ट पुरी नाही, पण वाटणी कशी अगदी काटेकोर.

मग आई पडली. कमरेचं हाड मोडलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. पलंगावर पडल्या पडल्या तिचा एकच धोशा, "हे दोघं बोलायला लागलेले बघायचेत मला. बाकी काही नको." मी दोघांना फोन केले. दादा म्हणाला, आधी त्याला समजाव. धाकटा म्हणाला, आधी त्याला समजाव. एवढं एकमत आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

तेव्हा मी डोकं लढवलं. जुन्या कॉमिक्सवर पॉडकास्ट करू म्हटलं, अर्धी गोष्ट एकाने सांगायची, अर्धी दुसऱ्याने. आईसाठी एका खोलीत बसायला तयार नसलेले माझे भाऊ तुफानकेतूसाठी वेळेच्या आधी हजर. मातृप्रेम म्हणतात ते याला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, डोळे तपासायच्या खोलीत रेकॉर्डिंग चालायचं. खोली अरुंद, जाड पडदा, आवाज घुमत नाही. मध्ये माइक. दोघंही एकमेकांकडे न बघता समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बोलायचे. तुफानकेतू म्हणजे काय चीज आहे ते सांगते. दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारतो, संध्याकाळी भांग दुसऱ्या बाजूला पाडतो, आणि एवढ्यावर त्याची लग्नाची बायको त्याला ओळखत नाही. त्याचा शत्रू डॉक्टर दलदल. शहर बुडवायला निघतो, पण आधी सगळी योजना नकाशासकट समजावून सांगतो. यावर टक्कल पडलेली दोन माणसं तासभर गंभीर चर्चा करायची. आणि सभ्यता किती! "आमच्या सहकाऱ्यांनी फार मार्मिक मुद्दा मांडला." "आपण म्हणता ते योग्यच आहे." ऐकणारेही बरेच जमले. किती सुसंस्कृत भाऊ, असं कुणीतरी लिहिलंसुद्धा.

तयार भाग मी आईच्या उशाशी लावायची. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "बरं." मी आपली खूश. म्हटलं, जिंकलं.

असं करत करत छत्तिसावा अंक आला. तो धाकट्याकडचा. त्याने रंगवून सांगितला. तुफानकेतू दलदलीत गळ्यापर्यंत रुतलाय, मदतीला कुणी नाही, पुढे काय होणार? दादाने पिशवी उघडली. पस्तीस निघाला, एकोणचाळीस निघाला. सदतीस नाही. पिशवी उलटी केली, तरी नाही.

"हा अंक माझ्या वाट्याला आलाच नव्हता," दादा म्हणाला.

"आपल्याकडेच असणार. विषम अंक आपले," धाकटा तक्त्याकडे बघत म्हणाला.

"मी घेतला असता तर इथे असता ना?"

इथे धाकट्याचा ब्रेक सुटला. "न विचारता विकायची सवयच आहे तुला. स्कूटर विकलीस, तसा हाही रद्दीत घातला असशील."

पडद्यामागे लॅपटॉपवर मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. दादा आधी त्याच्यावर ओरडला, त्याची अक्कल काढली, लहानपणी त्याने फोडलेला रेडिओ काढला. आणि मग एकदम आवाज खाली आला. "रोज कामावर निघालो की ती स्कूटर जिन्याखाली उभी दिसायची. बघवत नव्हती रे मला."

"मग मला द्यायचीस! माझे बाबा नव्हते का ते?"

"तू फोन उचलत होतास का माझा?"

धाकटा उठला, पडदा जवळजवळ उपटत बाहेर गेला. दादा तक्त्यातल्या सगळ्यात बारीक ओळीकडे बघत म्हणाला, "हे सगळं काप." आणि निघून गेला.

मी कापलं. कात्री चालवण्यात माझा हात कोण धरणार! शिव्या गेल्या, स्कूटर गेली, रेडिओ गेला. उरले सुरुवातीचे नमस्कार आणि छत्तिसावा अंक. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले तेव्हा आईला तेवढंच ऐकवलं.

या वेळी ती "बरं" म्हणाली नाही. "हे दोघं बोलत नाहीत ना गं?"

"अगं, दर आठवड्याला ऐकतेस की!"

"सख्खे भाऊ कधी एकमेकांना 'आपण म्हणता ते योग्यच' म्हणतात का? पाहुण्यांसारखे बोलतात. मला पहिल्याच दिवशी कळलं. तू एवढी धडपडतेस, म्हणून तुझं मन राखायला ऐकत होते."

मला रडूच आलं. सगळ्यांना चष्मे लावणारी मी, आणि माझ्याच आईचा चेहरा मला वाचता आला नाही. मग म्हटलं, होऊन जाऊ दे. न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं.

आईने सगळं ऐकलं, आरडाओरड, शिव्या, सगळं. "बघवत नव्हती रे" आलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं. पडद्याच्या कड्या खळखळल्या, पुढे सगळं शांत झालं, तरी तिने सोडलं नाही.

"उठून गेला?" तिने विचारलं.

"हो."

"लाव फोन. दोघांना एकदम."

मी लावला. दोघंही जोडले गेले. दुसऱ्या टोकाला कोण आहे ते कळल्यावर कुणी हॅलोसुद्धा म्हणेना. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"भांडण अर्धं टाकून ताटावरून उठल्यासारखं उठायचं नाही," ती म्हणाली. "मी ऐकलंय सगळं. चला, पुढे बोला."

धाकट्याचा आवाज आला. "दादा, मी फोन उचलत नव्हतो, कारण..." आणि दादा त्याला मध्येच तोडून काहीतरी ओरडला, आणि धाकटा त्याच्याहून मोठ्याने.

मी घाईघाईने फोनकडे हात नेला. आईने माझ्या हातावर चापट मारली.

"तू दुकानात जा," ती म्हणाली. "बोलतायत ते."