पाठ केलेलं घर

काकूंची नजर आता फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काकांनी हातपाय गाळले आणि काकूंनी पदर खोचला. "दिसतंय तोवर नवं घर घेऊन टाकू," त्या म्हणाल्या. "डोळे आहेत तोवर ते नीट शिकून घेते. मग गेले डोळे तर गेले. माझ्याच घरात मला कुणी हात धरून फिरवायला नको."

काका म्हणजे छापखान्यातले जुने जुळारी. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळीत जुळवायचे, हेच त्यांनी जन्मभर केलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, पण ते उलटं आहे हे काकांचे डोळे कधीच विसरून गेले होते. माणूस मुखदुर्बळ. छापखान्यात त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नाही, आणि घरात काकू असताना त्याची गरज पडली नाही.

त्यांची जुनी खोली एका अरुंद लाकडी जिन्याच्या टोकाला होती. त्या जिन्यावर डोळस माणसंही कठड्याला धरून उतरायची. ती सोडायची ठरली, घरमालकाला तसं कळवलं, त्याने नवा भाडेकरू पाहूनही ठेवला. नवी इमारत अजून विटांची होती, पण फाटकापाशी एक नमुना फ्लॅट सजवून तयार होता. पडदे, सोफा, भिंतीवर घड्याळ. दर आठवड्याला काका-काकू तिथे जायचे.

विक्रीवाल्या मुलीने सुरुवातीला पाणी विचारलं, मग कंटाळली, मग तिला या दोघांचा लळा लागला. काकू दारात उभ्या राहायच्या, डोळे गच्च मिटायच्या आणि उजव्या हाताचं बोट भिंतीला लावून निघायच्या. भिंत संपली की स्वयंपाकघर. ओटा, नळ, खिडकी. परत फिरून झोपायची खोली. आधी सोफ्याला अडखळायच्या. पुढे पुढे पाणी वाहावं तशा घरातून फिरायला लागल्या.

"काकू, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ इथे असता," मुलगी म्हणायची.

"मग पगार निम्मा निम्मा करू या."

अशा तऱ्हेने काकूंनी घर पाठ केलं. त्या वर्षात त्यांची नजर मात्र गाळणीतून बघावं तशी झाली. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा कळायचा नाही.

आणि ताब्याचा दिवस उजाडला. काकू ऑफिसात मुलीशी गप्पा मारत बसल्या आणि काका साइटवरच्या सुपरवायझरबरोबर पुढे वर गेले. लिफ्टला ताज्या रंगाचा वास होता. सुपरवायझरने कुलूप काढलं, दार ढकललं.

काका उंबऱ्यातच थबकले.

सगळं तेच होतं. तीच फरशी, तेवढ्याच भिंती. फक्त स्वयंपाकघर डावीकडे होतं. उजवीकडची भिंत जिथे संपत होती, तिथे बाल्कनी होती. बाल्कनीचं सरकतं दार अजून बसलं नव्हतं. पलीकडे कठडाही नव्हता. उघड्या तोंडावर एक सुतळी आडवी बांधलेली, आणि तिच्यामागे आभाळ.

"हे… हे उलटं आहे," काका कसेबसे म्हणाले.

"उलटं कसलं, काका? सॅम्पल जिन्याच्या त्या अंगाचा. या अंगाचे सगळे फ्लॅट असेच. आरशातल्यासारखे. नकाशात आहे की. तुम्ही बघूनच घेतला ना?"

बघितला होता. चष्मा पुसून, दिवा जवळ ओढून बघितला होता. काकू म्हणाल्या होत्या, "मला त्या बारीक रेघा दिसत नाहीत, तुम्ही बघा, आपला नमुना आणि हा एकच ना?" काकांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एकेक भिंत ताडून पाहिली होती, आणि त्यांच्या डोळ्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं होतं. उलटं आपोआप सुलटं करून वाचलं होतं. "एकच," ते म्हणाले होते.

"आणि कठडा?"

"बसेल हो उद्या-परवा. माल वाटेत आहे. आज पाहून सही करा, म्हणजे साहेबांचंही काम झालं, तुमचंही."

खाली येताना काकांनी मनात वाक्य जुळवलं. अगं, एक घोटाळा झालाय. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर काकूंचं हसू दिसलं. वाक्य विस्कटलं. त्यांनी मुलीला बाजूला घेतलं.

"त्या अंगाचा एखादा… बदलून?"

"काका, ते सगळे केव्हाच गेले." ती गोंधळली. "का? काय झालं?"

"काही नाही. काही नाही."

काकू उठल्या होत्या. "काय कुजबुज चाललीय? चला, घर दाखवा माझं."

"आज नको. वर फार धूळ आहे."

"धुळीला भिऊन कुणी घर सोडलंय का? तुम्ही म्हणजे ना, सशाच्या काळजाचे!"

लिफ्टमध्ये ती दोघंच होती. बोलायला एवढा एकांत पुरे होता. काकांनी तोंड उघडलं, ओठ ओले केले आणि मिटलं. त्यांना नमुना फ्लॅटच्या भिंतीपाशी उभ्या काकू दिसत होत्या. एक घर शिकायला हिने उरलीसुरली नजर खर्ची घातली. आता दुसरं शिकायला हिच्याजवळ काय उरलंय? न येणारं शिकवता येतं, चुकीचं पाठ झालेलं पायांतून काढायचं कसं? आत गेल्यावर सांगू, हात धरून सांगू, असं ते स्वतःला म्हणाले. आपण भितो आहोत हे त्यांना कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

सुपरवायझर दारातच उभा होता, हातात कागद आणि पेन. "काका, एवढं इथे."

"जरा थांबा," काका म्हणाले, पण सवयीने पेन हातात घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. तेवढ्यात त्यांना काकूंचा आवाज ऐकू आला, खोलीच्या आतून.

"आता बघा हं माझी करामत!"

त्यांनी मान वर केली. काकूंनी डोळे मिटले होते. उजव्या हाताचं बोट भिंतीला टेकवलं होतं आणि त्या चालायलाही लागल्या होत्या. चाचपडत नव्हत्या. पाठ असलेल्या माणसासारख्या चालल्या होत्या, मान ताठ, पाऊल मोकळं.

काकांना ओरडायचं होतं. आवाज छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. स्वप्नात अडकतो तसा. भिंत संपत आली होती. काकूंचं बोट कोपऱ्यावरून वळत होतं.

"थांऽऽब!"

तो आवाज आपला आहे हे काकांना नंतर कळलं. सुपरवायझरच्या हातातले कागद खाली पडले. काकू थांबल्या होत्या. सुतळी त्यांच्या पोटाला टेकून ताणली गेली होती. त्यांनी चेहरा वर केला, डोळे तसेच मिटलेले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "स्वयंपाकघरात एवढा वारा कसा?"

काका धावले. त्यांनी काकूंना दंडाला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की दोघंही भिंतीपाशी खाली बसली. काकूंनी डोळे उघडले. समोर नुसता पांढरा, मोठा उजेड. त्यांनी हाताने मागची भिंत चाचपली. मग त्यांना उमगलं.

"उलटं आहे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मघाशी कळलं. वर आलो तेव्हा."

"आणि लिफ्टमध्ये मूग गिळून उभे राहिलात."

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुझी."

काकू हसल्या नाहीत. सुपरवायझर काहीतरी पुटपुटत कागद गोळा करत होता. "काकू, पाणी आणू का?"

"कठडा आणा. तो बसेपर्यंत सही नाही. आणि बाहेर थांबा जरा, आम्हाला बोलायचंय."

तो गेला. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. रिकाम्या खोलीत काकूंचा श्वास मोठा ऐकू येत होता.

"नको घेऊ या," काका म्हणाले. "त्यांना सांगू. परत…"

"परत कुठे? त्या जिन्यावर? तिथे दुसऱ्यांचं सामान यायलाही लागलंय." त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. "घर हेच. माझं काय व्हायचं ते होईल. पण आधी तुम्ही उभे राहा. डोळे मिटा."

"मी?"

"तुमचे डोळे शाबूत आहेत, म्हणून सांगायला उशीर करणं तुम्हाला परवडतं. मिटा म्हणते ना!"

काकांनी डोळे मिटले. काकूंनी त्यांना खांद्याला धरून गिरकी दिली, पुन्हा दिली, आणि कोपरापाशी पकडलं. "चला. थांबायचं असेल तेव्हा मी सांगेन."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर कळेल, न सांगितलेलं कसं लागतं ते."

काकांनी पाऊल उचललं. ते टेकायला किती वेळ लागला! फरशी तीच होती, पण ती पुढेही असेल याची खात्री देणारं कुणी नव्हतं. काकूंना उजेडापलीकडे काही दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं पाऊल. त्यांच्या पाठीवरून घाम ओघळला. सुतळी कुठे होती? कुठल्या अंगाला? कोपरावरची पकड घट्ट झाली. ती मागे ओढायला की पुढे रेटायला, हे त्यांना कळेना.

"अगं, थांबू का?" त्यांनी विचारलं. मोठ्याने विचारलं.

"थांबा."

काकूंचा आवाज कापत होता. काकांनी डोळे उघडले. समोर भिंत होती, उघडं तोंड चांगलं लांब होतं, आणि काकूंचं कपाळ त्यांच्याहून जास्त घामेजलं होतं.

"आता मी," त्या म्हणाल्या. "माझा हात नका धरू. बोला नुसते. काय आहे, कुठे आहे. मध्ये गप्प बसायचं नाही."

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटले. उजवा हात आपणहून भिंतीकडे गेला. त्यांनी तो खाली घेतला आणि डावा उचलला. तो हवेतच भिंत शोधत राहिला.

"डावीकडे भिंत आहे," काका म्हणाले. ते स्वतः उघड्या तोंडापुढे जाऊन, सुतळीला पाठ लावून उभे राहिले. "बोट टेकव. टेकलं. तशीच ये. माझा आवाज तुझ्या उजव्या कानाला यायला हवा. येतोय? अजून ये. सावकाश. मी बोलतोय. मी इथेच आहे, मी बोलतोय…"