पितळी टोप्यांखालची फिरकी

मी एक जुनी जीप आहे. हसू नका, मित्रांनो. आज माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात, म्हणून मी जन्मापासून खुराडा नव्हते. सौसरजवळच्या रामाकोना गावाच्या पलीकडे, भगवंतरावांच्या संत्र्याच्या बगिच्यात, टिनाच्या छपराखाली मी उभी आहे. इतकी वर्षं एक गोष्ट मनात घेऊन बसले आहे. आज सांगूनच टाकते.

१९८६ च्या दिवाळीनंतर भगवंतरावांनी मला नागपूरहून आणलं. बुटकी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी गाडी आमच्या भागात नवलाचीच होती. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते. माझं इंजिन लहान. दबकत चालवलं तर त्यात काही दम नाही. पण मनसोक्त ओरडू दिलं की मग माझी ताकद पाहावी. अंग आखूड, म्हणून अंगणातल्या अंगणात वळते. स्प्रिंगचे पाटे कडक, म्हणून दगडांवरून बकरीसारखी उड्या मारते, आणि मुरमाच्या रस्त्यावर जोरात वळवलं तर मागून घसरते. आत बसणाऱ्याची हाडं मी खिळखिळी केली आहेत, ते मला कबूल आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती नीट ऐका. माझी पुढची दोन चाकं एरवी मोकळी फिरतात. चिखल लागला की खाली उतरायचं, त्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली गोल फिरकी दोन बोटांनी फिरवायची, आणि मग आत बसून लहान दांडा ओढायचा. तेव्हा कुठे चारही चाकं ओढतात. फिरकी न फिरवता नुसता दांडा ओढला तर सगळं आतल्या आत फिरतं, चाकापर्यंत काही पोचत नाही. गाडी द्यायला आलेल्या माणसाने हे समजावून सांगितलं होतं. भगवंतराव तेव्हा नारळ फोडत होते आणि त्यांचा ड्रायव्हर हिरामण लिंबू-मिरची बांधत होता. दोघांनीही ‘हो, हो’ म्हटलं.

हिरामण माणूस फार चांगला, पण सारी उमर त्याची डिझेल जीपवर गेलेली. मी जरा आवाज चढवला की इंजिन फुटेल म्हणून घाबरायचा आणि घाईघाईने वरचा गिअर टाकायचा. मग मी आपली घुसमटत, खोकत चालायची. तरी त्याची माया खरी होती. रोज सकाळी मला धुवायचा, कपड्याने पुसायचा. भगवंतरावांच्या लेकीचं, वंदनाचं लग्न निघालं तेव्हा त्याने मोहगावहून दोन पितळी टोप्या बनवून आणल्या आणि माझ्या पुढच्या चाकांवर स्क्रूने घट्ट बसवल्या. फिरक्या त्याखाली गेल्या. लोकांनी वाहवा केली. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

बाजाराच्या दिवशी तो चार माणसं गोळा करायचा, दांडा ओढून दाखवायचा आणि चारही चाकं लागली म्हणून सांगायचा. कोरड्या रस्त्यावर कुणाला काय कळणार! मला मात्र कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

त्याची बायको जयवंता भगवंतरावांच्याच शेतात कामाला होती. जामसांवलीच्या मारुतीला जायचं असलं की ती आदल्या दिवशी माझ्या टोप्या काढून चिंचेने घासायची. एकदा तिने खालच्या फिरकीवरून बोट फिरवलं आणि हे काय आहे, कशासाठी आहे, म्हणून विचारलं. हिरामण हसला. बाईले गाडीतलं काय समजते, म्हणाला. तिथे उभे असलेले गडीही हसले. जयवंताने टोप्या पुन्हा लावून दिल्या आणि उठून गेली. विचार ना ग बाई पुन्हा एकदा, असं माझं सारं लोखंड ओरडत होतं.

पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. आठ दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं, म्हणून कपाशीवर फवारणी काढली होती. वारा उलटा होता, औषध अंगावर येत होतं. दुपारी यमुना, जयवंताची जोडीदारीण, बांधावरून धावत आली. जयवंता पडली होती. तोंडातून फेस, अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरत होते. सौसरच्या दवाखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता आणि बगिच्यातून बाहेर पडायला मीच एक होते. हिरामण आणि यमुनाने तिला माझ्या मागच्या सीटवर निजवलं. यमुनाने डोकं मांडीवर घेतलं.

नाल्याच्या उतारावर काळी माती नुसतं लोणी झाली होती. हिरामणने दांडा ओढला आणि निर्धास्तपणे मला खाली घातलं. मागची चाकं जागेवर फिरली आणि रुतली. त्याने पुन्हा पेट्रोल दिलं, मी आणखी रुतले. काटक्या घातल्या, दगड घातले, खांदा लावला. अर्धा तास गेला असेल. माझी पुढची चाकं घट्ट मातीवर होती हो! त्यांच्यात बळ होतं. फक्त ते तिथपर्यंत पोचत नव्हतं. मागे जयवंताचा श्वास घरघरत होता आणि मी लोखंडाचा गोळा होऊन बसले होते. तितकी लाज मला पुढे कधी वाटली नाही, कोंबड्या आल्या तेव्हाही नाही.

जयवंताने डोळे अर्धे उघडले.

“अवो, थ्या टोप्या काढा,” ती म्हणाली. “खालची फिरकी फिरवून पाहा.”

हिरामणने तिला चूप राहायला सांगितलं. त्याला वाटलं, विष डोक्यात चढलं. पण यमुना खाली उतरून पाहत होती.

“भाऊ, पुढचे चाकं तं फिरूनच नाही राहिले,” ती म्हणाली.

हिरामणने मला बंद केलं. मग सीटखालचा पेचकस घेऊन चिखलात गुडघ्यावर बसला. एक टोपी निघाली, फिरकी फिरली. धावत येऊन त्याने मला चालू केलं. काहीच झालं नाही. एका बाजूने जोर निसटून जातो, मित्रांनो, दुसरीही फिरवावीच लागते. तो पुन्हा उतरला. दुसऱ्या टोपीचा स्क्रू झिजला होता. त्याने दगड घेतला आणि ज्या टोपीवर बोटाचा ठसा उमटू देत नव्हता, ती ठेचून काढली.

मग मी ओरडले. त्याचा पाय सवयीने वर आला, मी गळाठले. “सोडू नोको, भाऊ!” यमुनाने हाक दिली. त्याने पाय दाबून धरला, मला हवं तितकं ओरडू दिलं, आणि पुढच्या चाकांनी माती धरली. मी नाला चढून वर आले. सडकेवर तर जन्मात धावले नव्हते अशी धावले.

दवाखान्याच्या फाटकापाशी मला सोडून ते आत गेले. गाडीला आत जाता येत नाही. माझं इंजिन गार झालं, अंगावरचा चिखल वाळला, तरी कुणी बाहेर येईना. ऊन उतरल्यावर हिरामण आला आणि माझ्या पुढच्या चाकाशी बसला.

“वाचली,” तो मला म्हणाला. “पण डॉक्टर म्हणे, अर्धा तास आधी आणाले पाह्यजे होतं.”

पुढे जयवंताच्या उजव्या हाताची बोटं लुळी पडली. संत्रं तोडायची म्हटलं तर देठ धरवत नाही तिला. हिरामणने उरलेली टोपी नाल्यात फेकून दिली. त्या दिवसापासून दर शनिवारी तो माझ्या दोन्ही फिरक्या फिरवून पाहायचा, आणि जयवंता शेजारी उभी राहायची. माफी त्याच्या तोंडातून शेवटपर्यंत निघाली नाही.

आता हिरामण नाही. भगवंतरावांकडे दुसरी गाडी आली आणि मला इथे लावलं. जयवंता मात्र येते. कोंबड्यांना हुसकते, खाली बसते, डाव्या हाताने फिरकी धरते. ती गंजली आहे, हलत नाही. मग ती उजवा हात लावून पाहते.

मित्रांनो, मला पितळ नको, हार नको. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर रॉकेलचे चार थेंब घेऊन या. ती शेजारी असेल, तर आधी तिला विचारा, ती सांगेल तसं करा. आणि एक फिरकी सुटली म्हणून खूश होऊन निघून जाऊ नका. दुसरीही फिरवा.