मीठ कमी की जास्त

खानावळवाल्या बाईच्या घरात सुट्टीचा एक नेम होता. दर वर्षी नवं गाव गाठायचं, स्वयंपाकघर वापरू देतील अशाच घरात खोली घ्यायची आणि घरमालकिणीकडून एक तरी पदार्थ शिकून यायचा. लिहून घ्यायचा नाही, मापायचा नाही. नुसता चाखायचा, आणि जिभेवर बसला की परतीची वाट धरायची. लोक सहलीहून फोटो आणतात, ही बाई रस्से आणायची आणि गिऱ्हाइकं ते वर्षभर ओरपायची.

यंदा तिने जाहीर केलं, की आता मुलं शिकणार. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघंही शाळकरी. नवऱ्याला कौतुक वाटलं. तो बसचा ड्रायव्हर, सुट्टीच्या गर्दीत त्याला कुठली रजा? त्याने तिघांना गाडीत बसवून दिलं.

खरी गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. मध्ये बाईला ताप आला होता, आणि जाताना तो तिची चव घेऊन गेला. वासही गेला. येईल आज-उद्या म्हणता म्हणता काही आलं नाही. मीठ खाल्लं काय आणि रेती खाल्ली काय, तिला सारखंच. रंगकाम काढलंय असं सांगून तिने खानावळ बंद ठेवली होती. सुट्टी संपली की उघडावी लागणार, आणि तोवर मुलांच्या जिभा तयार झाल्या तर झाकली मूठ झाकलेलीच राहील, असा तिचा हिशोब. वेडाच होता, पण घाबरलेल्या माणसाला त्याहून शहाणा हिशोब सुचत नाही.

या गावच्या घरमालकीण काकूंनी सुक्या वाटाण्यांचा एक दाट रस्सा करून दाखवला, पोटभर खाऊ घातला आणि म्हणाल्या, "उद्या तुम्ही करा. मी आयती जेवायला येते."

दुसऱ्या दिवशी पातेलं रटरटायला लागलं. बाईने थोरलीला मीठ घालायला सांगितलं आणि थोड्या वेळाने दोघांना चमचे दिले.

"बोला. मीठ कसंय?"

"कमी," थोरली म्हणाली.

"जास्त," धाकटा म्हणाला.

"नीट चाखा."

"कमीच आहे."

"खारट झालंय, आई."

बाईने ढवळून पाहिलं, रंग पाहिला, चमचा उलटा करून थेंब पडू दिला. हे सगळं तिला येत होतं. मीठ मात्र डोळ्यांना दिसत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मीठ घालावं तर धाकट्याचं खरं निघायचं, पाणी ओतावं तर थोरलीचं. शेवटी तिने स्वतः घोटभर तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि तोंडात काहीही झालं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"धाकट्याचं बरोबर आहे," ती ठामपणे म्हणाली. "जास्तच पडलंय."

थोरलीने चमचा खाली ठेवला. "आई, मी मीठ घातलेलंच नाही."

बाईने मिठाच्या बरणीकडे पाहिलं.

"त्या दिवशी नासलेल्या दुधाचा चहा तू आख्खा प्यायलीस," धाकटा म्हणाला. "आम्हाला तेव्हाच शंका आली होती."

"मग विचारलं का नाही रे?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," थोरली म्हणाली. "काल काकूंच्या रस्स्याला वा म्हणालीस, ते पण आमची तोंडं बघून."

बाई ओट्याला टेकली आणि रडली. खानावळीचं कसं करायचं मला काही समजत नाही, असं तिने दोघांना सरळ सांगून टाकलं. मग नाक पुसून तिने स्वतः मीठ घातलं, हाताला जेवढी सवय होती तेवढं.

"आता चेष्टा पुरे. खरं सांगा."

"कमी," थोरली म्हणाली.

"जास्त," धाकटा म्हणाला.

बाईने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "परत?"

"नाही गं, शपथ. मला खरंच खारट लागतंय."

"तुझी जीभच बिघडलीय," थोरली म्हणाली, आणि दोघांची जुंपली. दोघंही खरं बोलत होती, आणि हे कसं शक्य आहे तेच बाईला उमजेना. इतकी वर्षं तिला वाटायचं, की चव पातेल्यात असते आणि ती सगळ्यांसाठी एकच असते. आता दोघांतल्या कुणाचं ऐकायचं? तिने मिठाची बरणी दोघांच्या मध्ये ठेवली आणि बाहेर टेबलाशी जाऊन बसली. आतून बराच वेळ भांडण ऐकू येत होतं.

काकू आल्या तेव्हा मुलांनी वाढलं. सर्वांत आधी आईला. बाईने घास घेतला आणि सवयीने म्हणाली, "छान झालंय."

"आई, खोटं नको," थोरली हळूच म्हणाली.

"मग काय म्हणू?"

थोरलीने जरा विचार केला. "गरम आहे म्हण. तेवढं तर कळतं ना?"

बाईने दुसरा घास घेतला आणि तो तोंडात थोडा वेळ तसाच राहू दिला.

"गरम आहे," ती म्हणाली.