दाट कडवळ

आमच्या मालकांना विरळ पीक म्हणजे फाटकं धोतर वाटायचं, चारचौघांत लाज आणणारं. कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, दाटच पेरतात हे खरं. ताटं बारीक निघतात, जनावर बुडखासुद्धा टाकत नाही. पण ते चांगल्या सालातलं. शहाऐंशी साली आमच्या धावड्याच्या रानात ओल होती जेमतेम वीतभर, आणि यांनी बी टाकलं दुप्पट.

"आवो, हात आखडा जरा. एवढ्या तोंडांला पाणी कुठून पुरंल?" मी म्हणाले.

"जास्त पेरलं तर जास्त वैरण. तू गप बैस."

उगवलं खरं, अगदी केसांसारखं. गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच अडलं. पानांच्या सुरळ्या झाल्या. फक्त बांधालगतच्या कोपऱ्यात, जिथं बी संपत आलं होतं, तिथली विरळ ताटं कमरेच्या वर जाऊन कणसांवर आली.

घरात एकच गाय उरली होती. तांबू, तीही गाभण. पावसाविना खुरटलेली ज्वारी जनावराला विष, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून तिला रोज कोपऱ्यातली एक पेंढी, बस. समोर एवढं कडवळ उभं आणि ती हंबरायची. मालक कानांवर हात ठेवून बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

मग एकदाची सर आली. दाट कडवळाला लुसलुशीत फुटवे आले. मालक हरखले.

सासूबाई म्हणाल्या, "कडूबा, कणसं दिसू दे, मंग सोड तिला. कोवळ्या फुटव्यात लई विष असतंय."

"पाऊस पडल्यावर कसलं विष, माय? भुकेनं मरून राह्यली ती."

मी कोपऱ्यातली शेवटची ताटं कापत होते. मागं घंटा वाजली. वळून पाहिलं तर तांबू दाट कडवळात तोंड घालून, आणि मालक शेजारी हसत उभे. मी ओरडत धावले, दोघांनी मिळून तिला ओढली, पण भुकेलं जनावर कशाला हटतंय! बघता बघता ती थरथरली, खाली बसली, तोंडाला फेस आला. तिच्या पोटावर हात ठेवला तर आत वासरू धडपडत होतं. मग तेही थांबलं. मी माझी पेंढी तिच्या तोंडाजवळ धरून रडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक रानात सापडले. एकाआड एक ताट उपटत होते, बोटं सोलवटली होती.

"काय करून राह्यले हे?"

"विरळ करून राह्यलो. आता बराबर वाढंल."

"आवो, पण कुणासाठी?"

त्यांचे हात थांबले नाहीत.