दोन्ही हात वर

प्रचाराचा शेवटचा दिवस, दुपारची वेळ. कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लाकडी बाकांच्या उतरंडीवर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. छताचा पत्रा तापला होता आणि कर्ण्यातून एलादियो माग्बानुआचं प्रचारगीत पुन्हा पुन्हा वाजत होतं.

एलादियो देशाचा पोलीसप्रमुख होता, लोक त्याला जनरलच म्हणत. निवृत्त झाला आणि सिनेटला उभा राहिला. देशभरातून बारा जागा होत्या, मतदारांच्या पाहणीत तो तेरावा होता. हे बेट पाठीशी आलं तर बारावा, नाही तर घरी.

"ताताय, डावीकडे बघा," मुलगी रोवेना बापाच्या कानाशी म्हणाली. प्रचाराची सगळी सूत्रं तिच्याच हातात होती. "मेयरबाई आल्यात."

मेयर कॉन्सोलासिओन मॉन्तेकाल्वो पंखा हलवत पहिल्या बाकावर टेकल्या होत्या. त्या आल्याची बातमी पसरली आणि जरा वेळाने समोरच्या बाजूला गव्हर्नर रुफिनो दुमाराओस येऊन बसले. बेटावरच्या या दोन वैरी घराण्यांचं एका छताखाली जमायचं ते झुंजीपुरतंच, आणि तेही समोरासमोर. म्हणून तर रोवेनाने सभेला आखाडा घेतला होता.

बेटावर भाषणाने मत मिळत नाही. घराण्याचा कर्ता मंचावर उमेदवाराचा हात धरून वर करतो, तेव्हा त्याची माणसं ते नाव मनात पक्कं करतात. एका घराण्याने हात उचलला की दुसरं कायमचं गेलं. एलादियोचा हात तर कोणीच उचलायला तयार नव्हतं. प्रमुख असताना त्याने दोन्ही घराण्यांच्या खाजगी बंदुका एकाच पहाटे, एकाच वेळी उचलून नेल्या होत्या.

तो रिंगणातल्या माइकपाशी गेला. रोवेनाने लिहून दिलेलं रस्त्याचं आणि दवाखान्याचं भाषण त्याने खिशातच ठेवलं.

"तुमच्या बंदुका मीच नेल्या," तो म्हणाला. "त्याबद्दल कोणाला काही बोलायचं असेल तर आज समोर आहे."

कोणी तरी प्रचारगीत बंद केलं. मेयरबाई उठल्या, काठी टेकत रिंगणात उतरल्या.

"हा माझ्या घरी आला," बाईंनी माइक ओढून घेतला, "तेव्हा याने दारात बूट काढले. बंदूक नेली, पण माझी फरशी मळवली नाही."

"आमच्याकडे नाही काढले," समोरून गव्हर्नर ओरडले.

"तुमच्या फरशीवर बूट काढले असते तर बिचाऱ्याचे पाय मळले असते."

आखाडा हसून हसून लोळला. आणि त्या हशातच बाईंनी एलादियोचा डावा हात पकडून वर केला.

अर्धा आखाडा उभा राहून नाचू लागला. अर्धा बसूनच राहिला. रोवेनाने कपाळाला हात लावला. गव्हर्नर हातचे गेले, म्हणजे अर्धं बेट गेलं. हात खाली घ्यावा तर बाईंचा भरसभेत अपमान.

एलादियोने डावा हात तसाच वर ठेवला. उजवा हात मोकळा, तळवा वर करून, त्याने गव्हर्नरांच्या दिशेने पुढे केला. आणि थांबला.

मग झुंजीच्या वेळी पैजा ओरडतात तशा आरोळ्या बाकांवरून सुरू झाल्या. "उतरणार." "नाही उतरणार." "उतरणार, लाव माझ्याशी." गव्हर्नर घाम पुसत बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे बघून हनुवटी जरा उचलली, एवढंच. तेवढ्याने गव्हर्नर ताडकन उठले, रिंगणात उतरले आणि एलादियोचा उजवा हात खेचून वर केला, बाईंच्या हातापेक्षा वीतभर उंच.

"काय जनरल," मागून कोणी तरी म्हणालं, "आता कळलं ना हात वर करायला लावलं की कसं वाटतं?"

पत्रा उडेल असा गलका झाला. फोटोवाले धावले. त्या गोंगाटात बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "निवडून आलास की बंदुका परत मिळतील ना रे?"

"नाही, मेयर. त्या वितळवल्या."

"मग नव्या घ्यायचा परवाना?"

"तोही नाही."

उजवीकडे गव्हर्नरांची पकड सैल झाली. "आधी सांगायचं होतं की, जनरल. मी चाललो."

"जा की," बाई कॅमेऱ्यांकडे बघून गोड हसल्या. "उद्या सगळ्या पेपरांत मी एकटीच दिसेन."

गव्हर्नरांची बोटं एलादियोच्या मनगटावर पुन्हा इतकी घट्ट आवळली की त्याचं रक्त थांबलं. दोघांपैकी कोणीही पहिलं सोडेना. फोटोवाले थकले, तरी सोडेना. खांदे भरून आले तसा एलादियो रोवेनाकडे बघून हसायला लागला, आणि ती रडत रडत हसत होती.

मतमोजणीत तो बारावा आला. बेटावर दोन्ही घराण्यांच्या गावांनी त्याला जवळजवळ सारखीच मतं दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाईंचा फोन आला, मग गव्हर्नरांचा. दोघांनीही एकच विचारलं, "माझी जास्त होती ना?"