उष्ट्याची बादली

हो, जळते मी अख्तरुन्निसावर. स्पष्टच सांगते, म्हणजे मागाहून कुणी कुजबुजायला नको. आमच्या विद्यापीठात मुलांच्या हॉस्टेलची मेस मी बघते, मुलींची ती. मी नेरूळचीच, इथली जुनी. ती मागाहून आली, द्रोणागिरीहून रोज स्कूटीवर येते. पण गेले काही महिने जिकडे बघावं तिकडे एकच तुणतुणं: अख्तरआपांची बादली, अख्तरआपांची बादली!

बादली म्हणजे उष्ट्याची. पोरांनी ताटात टाकलेलं सगळं रोज जेवणं झाली की एका बादलीत जमा करायचं, चार लोकांसमोर वजनकाट्यावर ठेवायचं आणि आकडा दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा. कचरा कमी व्हावा म्हणून आमच्या रजिस्ट्रारनी, चंद्रशेखर सरांनी काढलेली टूम. आधी मला हसू आलं. मग कळलं, की उन्हाळ्यानंतर दोन्ही मेस एक होणार, प्रमुख एकच राहणार आणि कोण ते हा फळा ठरवणार. दुसरीनं तिच्या हाताखाली राबायचं. तेव्हा माझं हसू गेलं.

माझी बादली जड, तिची हलकी. रोज! बांगड्याच्या दिवशी काटे वजनात धरायचे नाहीत, असं तिनं सरांकडून ठरवून घेतलं. मी म्हटलं, मग माझ्या सांबारातल्या शेवग्याच्या शेंगांचे चोथे का धरता? ते काय पोरं गिळणार आहेत? सर हसले. "बरं, चारुलताबाई, शेंगाही सोडा," म्हणाले. सोडल्या. तरी मेली माझी बादली जडच.

एकदा मीठ मागायचं निमित्त करून तिच्या मेसमध्ये गेले. ती स्वतः वाढायला उभी. प्रत्येक मुलीच्या ताटात अर्धाच डाव घालायची आणि म्हणायची, "पयलं एवडं खा बाय, मंग परत ये." आणि मुली परत यायच्या! हसत ताट पुढे करायच्या. माझ्यापुढे कुणी कधी असं हसून ताट धरल्याचं मला आठवेना. मीठ न घेताच परत आले.

मग मीही पदर खोचला. पण अर्धा डाव? छे! मरेन, पण तिची नक्कल करणार नाही. मी बादलीपाशीच खुर्ची टाकून बसायला लागले. कुणी ताट घेऊन आला की विचारायचे, "हे काय राहिलंय? घरी असंच टाकतोस? लावू का आईला फोन?" दाढीमिशा फुटलेली पोरं, पण निमूट मागे फिरायची. आमचा आचारी हौसेराव म्हणाला, "ताई, पोरं घाबरत्यात तुम्हाला." म्हटलं, घाबरू देत. घाबरल्याशिवाय दुधी खातंय कोण?

आणि काय सांगू, बादली हलकी झाली! फळ्यावर माझा आकडा तिच्या खाली उतरला. ती दिसली की मी मुद्दाम थांबायचे. "काय अख्तर, आज जरा जास्तच दिसतंय तुझं?" ती नुसती मान हलवायची. चिडली असती तर मला केवढं बरं वाटलं असतं! पण ही बाई चिडत नाही, हेच तर माझं दुखणं.

प्रमुखपदाच्या निकालाच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. दुपारी मीटिंग होती. त्याआधी तेलाचे रिकामे डबे ठेवायला मागच्या शेडकडे गेले. दोन्ही हॉस्टेलचा सुका कचरा, म्हणजे कागद, प्लास्टिक, तिथं जमतो आणि पावणे गावचा भंगारवाला तो उचलतो. बघते तर अख्तर तिथं बसलेली, हातमोजे घालून, आमच्या मुलांच्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून!

माझं डोकंच फिरलं. "काय गं, निकालाच्या दिवशी माझ्या डब्यात काय टाकतेस?"

"टाकत नाय गो, काढतंय," ती म्हणाली आणि कागदी नॅपकिनचं एक बोचकं माझ्यापुढे उलगडलं.

आत दुधीची भाजी. माझीच. फोडणीत मेथीदाणे मीच घालते, इथं दुसरं कुणी घालत नाही. मग दुसरं बोचकं. वेफर्सच्या पाकिटात कोंबलेला भात, घडी घालून चुरगळलेली चपाती. सगळ्याला आंबूस वास.

"पोरं तुला भितात. खिशात घालून नेतात, नि वर नेऊन सुक्या डब्यात टाकतात," ती म्हणाली. "भंगारवाला बोलला, कुजका माल नेनार नाय. म्हनून मी रोज काढून खताच्या खड्ड्यात टाकतंय."

रोज! म्हणजे मी फळ्यासमोर मिरवत होते, तेव्हा ही इथं बसून माझा दुधी निवडत होती.

"आणि सरांना सांगितलं नाहीस?"

"कशाला? पोरांना दंड बसंल. नि तुला हवं हाय ना ते पद? घे की."

घे की! उरलेली भाकरी द्यावी तसं म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. पण हिचा हा चांगुलपणा? तो माझ्या डोक्यावर कायमचा बसणार होता. मी प्रमुख, आणि ती मान खाली घालून डाव फिरवत उभी, मनात सगळं माहीत असलेली. अगबाई, रोज तिचं तोंड बघायचं! नाही सहन व्हायचं मला.

मीटिंगमध्ये सरांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. मी तो बाजूला सारला आणि सगळं सांगून टाकलं. पोरांना दंड करायचा नाही, हेही बजावलं. सरांनी बॉक्सचं झाकण लावलं.

"तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं."

"तिला कळलंय ना," मी म्हटलं.

पद तिला मिळालं. सर म्हणाले, केवढा मोठेपणा तुमचा! मोठेपणा कसला, तिचे उपकार नको होते मला, एवढंच.

आता एकच मेस आहे आणि भात वाढायला मी उभी असते. अर्धा डाव वाढते. "पुन्हा ये," असं म्हणावं लागतं, म्हणते. पोरं येतात. बादलीत तळ दिसतो, आणि खोटं कशाला सांगू, तो तळ बघून माझा अजून जळफळाट होतो.

सगळ्यांचं झालं की आम्ही जेवतो. काल तिनं माझ्या ताटात अर्धा डाव आमटी वाढली. मी ठरवून गेले होते, थोडी तरी टाकायचीच. पण आमटी अशी झाली होती, की मी पुन्हा मागितली आणि ताट बोटानं पुसून काढलं. उठून बादलीपाशी गेले, तर टाकायला काही नव्हतं. अख्तर तिथंच उभी होती. तिनं माझ्या ताटाकडे बघितलं.

आणि बोलली काहीच नाही मेली.